प्रोजेस्टेरॉन: पाळी आणणारे आणि पाळी थोपवणारेही

तीन महिने पाळी आली नाही म्हणून डॉक्टर एकीला दहा दिवसांच्या गोळ्या देतात आणि तिची पाळी येते. दुसरीला प्रवासात पाळी नको असते. तिलाही जवळपास त्याच जातीच्या गोळ्या मिळतात आणि पाळी लांबते. तिसरीला गर्भ टिकावा म्हणून, तर चौथीला गर्भ राहू नये म्हणून याच घराण्यातले औषध दिलेले असते. चौघींच्या चिठ्ठ्या शेजारीशेजारी ठेवल्या तर एखादा तरी डॉक्टर चुकला असावा असे वाटेल. पण चुकलेले कोणीच नसते. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक शरीरात किती आहे याइतकेच, बऱ्याचदा त्याहूनही जास्त, महत्त्व ते कधी आले, किती दिवस राहिले आणि कधी गेले याला असते.

दर महिन्याला बीजांडकोशातून स्त्रीबीज बाहेर पडले की मागे उरलेला फुटका कोश पिवळसर होतो आणि तात्पुरती ग्रंथी बनून कामाला लागतो. त्याला पीतपिंड म्हणतात. त्याचे आयुष्य सुमारे १४ दिवसांचे. प्रोजेस्टेरॉन मुख्यतः तिथेच तयार होते. पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन बनवते, पीतपिंड भरात असताना साधारण २५ मिलिग्रॅम, आणि गरोदरपणाच्या शेवटी वार (गर्भाला पोसणारा अवयव) दिवसाला २५० मिलिग्रॅमच्या आसपास. एकाच शरीरात शंभरपटीहून जास्त फरक पडणारी संप्रेरके फार नाहीत. १९२९ मध्ये जॉर्ज कॉर्नर आणि विलर्ड ॲलन या अमेरिकी संशोधकांनी पीतपिंडाच्या अर्कात गर्भ टिकवणारा पदार्थ असल्याचे दाखवले आणि १९३४ मध्ये तो शुद्ध स्वरूपात हाती आला.

अस्तर वाढते कशाने, गळते कशाने

गर्भाशयाचे अस्तर वाढवण्याचे काम इस्ट्रोजेनचे. पेशी वाढतात, ग्रंथी लांबतात, अस्तर जाड होते. प्रोजेस्टेरॉन आले की ही वाढ थांबते आणि वाढलेल्या अस्तराला राहण्याजोगे रूप येते: ग्रंथी स्रवू लागतात, रक्तवाहिन्या वेटोळ्या होतात, गर्भ रुजण्याची तयारी होते. मात्र प्रोजेस्टेरॉनचा निरोप ऐकणारे ग्राहक अस्तरात आधी इस्ट्रोजेननेच तयार करून ठेवावे लागतात. म्हणून इस्ट्रोजेन नसलेल्या अस्तरावर प्रोजेस्टेरॉन जवळपास निष्प्रभ ठरते.

गर्भ राहिला नाही तर पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते, वेटोळ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि अस्तर गळून पडते. पाळी येते ती प्रोजेस्टेरॉनमुळे नव्हे, ते गेल्यामुळे. सुरुवातीचे कोडे इथेच सुटते. गोळ्या चालू आहेत तोवर अस्तर टिकते, म्हणून पाळी लांबते. गोळ्या बंद केल्या की पातळी पडते, म्हणून पाळी येते.

पाळी पुढे ढकलण्यासाठी बहुधा नॉरएथिस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम औषध) ५ मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा देतात आणि पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करतात. रक्तस्राव सुरू झाल्यावर गोळी घेतली तर उपयोग होत नाही. गळू लागलेले अस्तर पुन्हा चिकटत नाही. गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. एक गोष्ट दुकानातून परस्पर गोळ्या आणणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही: नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात एथिनिल इस्ट्राडिओलमध्ये बदलतो, म्हणजे गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमध्ये. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमक येत असेल किंवा वजन बरेच जास्त असेल, तर या मात्रेत ही गोळी परस्पर घेऊ नये. शिवाय हा क्रम गर्भनिरोधक म्हणून गृहीत धरू नये.

पाळी आणण्यासाठी उलटा हिशेब. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे त्याच जातीचे कृत्रिम औषध १० मिलिग्रॅम रोज, पाच ते दहा दिवस, आणि मग थांबायचे. आधी गर्भचाचणी करून घ्यायची, हे सांगायला नको, तरी ते विसरले जाते. साधारण आठवडाभरात रक्तस्राव झाला तर इस्ट्रोजेन होते, अस्तरही होते, फक्त स्त्रीबीज सुटत नव्हते असा अर्थ निघतो. काहीच झाले नाही तर अस्तर तयारच नव्हते किंवा रक्ताला बाहेर यायला वाट नाही, आणि तपासणी तिथून पुढे न्यावी लागते. अशा वेळी त्याच गोळ्या पुन्हा पुन्हा देत राहण्यात अर्थ नाही.

ज्यांच्या बीजांडकोशातून महिनोन्महिने स्त्रीबीज सुटत नाही, त्यांच्यात इस्ट्रोजेन एकटेच काम करत राहते. अस्तर वाढत जाते, मधूनच ढासळते आणि कधी महिनाभर अंगावर जाते. हे वर्षानुवर्षे चालले तर त्या अस्तरात विकृत वाढ आणि पुढे कर्करोगही होऊ शकतो. म्हणून अशा स्त्रियांना निदान तीन महिन्यांतून एकदा प्रोजेस्टेरॉनसारखे औषध देऊन अस्तर गळू देतात, किंवा लेव्होनॉरजेस्ट्रेल हे याच घराण्यातले औषध सोडणारी तांबी बसवतात. ही तांबी अस्तर पातळच ठेवते, त्यामुळे जास्त रक्तस्रावावरही तिचा चांगला उपयोग होतो.

गर्भाशयाबाहेरची कामे

स्त्रीबीज सुटल्यावर सकाळचे, उठण्याआधीचे तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढते आणि पाळीपर्यंत तसेच राहते. ही करणी प्रोजेस्टेरॉनची. गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट होतो, त्यातून शुक्राणूंना वाट मिळत नाही, आणि फक्त याच घराण्याचे औषध असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या बऱ्याच अंशी यावरच चालतात. गुळगुळीत स्नायू सैलावतात: गर्भाशय शांत राहते हा फायदा, आतडी मंदावून बद्धकोष्ठ होतो आणि जठराच्या तोंडाशी जळजळ होते हा तोटा. मेंदूतल्या श्वसनकेंद्राला चालना मिळते, म्हणून गरोदर बाईचा श्वास खोल होतो आणि काही न करताही धाप लागल्यासारखे वाटते. स्तनांतल्या दूधग्रंथी वाढतात, पण दूध उतरू दिले जात नाही. प्रसूतीनंतर वार पडते, प्रोजेस्टेरॉन कोसळते आणि मगच दूध येते. वारेचा तुकडा आत राहिला तर दूध उशिरा उतरण्याचे हे एक कारण.

मेंदूचा भाग सर्वांत गमतीचा. प्रोजेस्टेरॉन शरीरात मोडताना ॲलोप्रेग्नॅनोलोन तयार होते. झोपेच्या गोळ्या मेंदू शांत करणाऱ्या ज्या गाबा ग्राहकांवर काम करतात, त्यांच्यावरच तेही काम करते. त्यामुळे बहुतेकींना गुंगी आणि शांत झोप येते. थोड्यांना मात्र उलट चिडचिड आणि रडू येते. पाळीआधी मन फार बिघडणाऱ्या स्त्रियांत प्रोजेस्टेरॉन कमी असते असे नाही. त्यांचा मेंदू या चढउताराला अधिक बोचरा प्रतिसाद देतो. त्यामुळे अशा त्रासावर प्रोजेस्टेरॉन देण्याचा जुना प्रघात फारसा टिकला नाही. ॲलोप्रेग्नॅनोलोन स्वतः मात्र बाळंतपणानंतरच्या नैराश्यावरचे शिरेतून द्यायचे औषध म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

रक्ततपासणी: सर्वाधिक चुका इथे

स्त्रीबीज सुटले का हे पाहायला 'एकविसाव्या दिवशी' तपासणी करायला सांगतात. हा एकविसावा दिवस फक्त २८ दिवसांची पाळी असणारीसाठी. खरा नियम: पुढच्या पाळीच्या सुमारे सात दिवस आधी. ३५ दिवसांनी पाळी येत असेल तर तपासणी २८ व्या दिवशी. एकविसाव्याला रक्त दिले तर आकडा कमी येतो आणि धडधाकट बाईला 'बीज सुटत नाही' असा शिक्का बसतो.

आकडा प्रति मिलीलिटर ३ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर बीज सुटले असे धरतात. चांगल्या चक्रात तो बहुधा ५ ते २० मध्ये असतो. पण पीतपिंड संप्रेरक संथ धारेने सोडत नाही, झटक्यांनी सोडतो. त्यामुळे एकाच बाईचा एकाच दिवशीचा आकडा काही तासांत कित्येक पटींनी वरखाली होतो. सकाळी ६ आणि दुपारी १४ आला, म्हणून काही बिघडले नाही आणि सुधारलेही नाही. काही प्रयोगशाळा नॅनोमोल प्रति लिटरमध्ये रिपोर्ट देतात, त्याला ३.१८ ने भागले की नॅनोग्रॅमचा आकडा मिळतो. हे एकक न पाहता दोन रिपोर्टांची तुलना करणे ही नेहमीची गफलत.

आणखी दोन खाचा. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेने काही यंत्रांवर प्रोजेस्टेरॉनचा आकडा खोटाच वाढलेला दिसतो. तपासणीआधी ते निदान दोन दिवस बंद ठेवावे. आणि डायड्रोजेस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम औषध घेणाऱ्या बाईच्या रक्तात प्रोजेस्टेरॉनची पातळी वाढलेली दिसत नाही, कारण तो वेगळा रेणू आहे. 'औषध लागू पडत नाही' असा निष्कर्ष त्यावरून काढू नये.

गोळी, कॅप्सूल की इंजेक्शन

शुद्ध प्रोजेस्टेरॉन तोंडाने घेतले की आतड्यातून आधी यकृतात जाते आणि बहुतांश तिथेच मोडते. म्हणून ते बारीक दळून, तेलात मिसळून कॅप्सूलमध्ये भरतात. तरीही घेतलेल्यापैकी फारच थोडे जसेच्या तसे रक्तात पोचते, आणि मोडताना ॲलोप्रेग्नॅनोलोन हा गुंगी आणणारा भाऊबंद भरपूर तयार होतो. त्यामुळे ही कॅप्सूल रात्री झोपताना घ्यायची. जेवणाबरोबर घेतली तर जास्त शोषली जाते आणि चक्करही जास्त येते. काही कॅप्सूलांत शेंगदाणा तेल असते. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आवेष्टन वाचावे.

योनीमार्गातून दिलेले औषध यकृताला टाळते आणि गर्भाशयाच्या ऊतींत थेट झिरपते. रक्तातला आकडा फारसा चढत नाही, पण अस्तरात पुरेसे पोचलेले असते. हात धुवून, आडवे पडून, बोट जाईल तितक्या आत ठेवावे आणि अर्धा तास पडून राहावे. पांढरट, तेलकट स्राव होतोच; तो कॅप्सूलचा उरलासुरला भाग असतो, औषध 'वाहून गेले' असे नव्हे. आतून धुण्याच्या भानगडीत पडू नये. एक वेळ चुकली तर आठवताच ठेवावे, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम नकोत.

तेलातले इंजेक्शन कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात, स्नायूत खोल देतात. तेल दाट असते, म्हणून कुपी आधी हातात धरून कोमट करावी, बाजू रोज बदलावी, टोचल्यावर चोळून शेकावे. गाठी होतातच. पण गाठ लाल, गरम, ठणकणारी झाली आणि ताप आला तर तो गळू असू शकतो आणि डॉक्टरांनी पाहायलाच हवा.

कातडीवर लावायच्या मलमांबद्दल मात्र सावध राहावे. त्यांतून इतके थोडे आत जाते की इस्ट्रोजेन घेणाऱ्या बाईच्या अस्तराचे त्याने रक्षण होईल याची खात्री नसते. रानटी कंदाच्या मलमांची तर गोष्टच वेगळी. त्या कंदातल्या डायोसजेनिनपासून प्रोजेस्टेरॉन बनते हे खरे, रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात ते करून दाखवले. पण ते प्रयोगशाळेत. माणसाच्या शरीरात ही रसायनक्रिया होतच नाही.

गर्भ टिकवण्यासाठी

सुरुवातीचे सात ते नऊ आठवडे गर्भ पीतपिंडाच्या भरवशावर असतो; पुढे वार ते काम उचलते. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात हीच कडी कमजोर होते. गोठवलेला गर्भ औषधांनी तयार केलेल्या अस्तरात सोडला तर पीतपिंड नसतोच, म्हणून सगळे प्रोजेस्टेरॉन बाहेरून द्यावे लागते, बहुधा १० ते १२ आठवड्यांपर्यंत. तिथे मनाने एकही दिवस गोळी बंद करू नये. औषध चालू असताना पाळी लांबलेलीच राहते, म्हणून पाळी चुकली यावरून दिवस गेले असे समजू नये. सांगितलेल्या दिवशी रक्ताची चाचणी करणे हाच मार्ग.

सहज राहिलेल्या गर्भात रक्त दिसले की सरसकट प्रोजेस्टेरॉन देण्याची सवय फार जुनी आहे आणि ती पुराव्याच्या बरीच पुढे गेली आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत लवकरच्या गर्भारपणात रक्तस्राव झालेल्या ४,१५३ स्त्रिया होत्या. औषध घेतलेल्यांत ७५ टक्के आणि औषध नसलेली, दिसायला तशीच कॅप्सूल घेतलेल्यांत ७२ टक्के स्त्रियांना जिवंत बाळ झाले. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. पण ज्यांचे आधी तीन किंवा अधिक गर्भपात झाले होते, त्यांच्यात हेच आकडे ७२ आणि ५७ होते. म्हणून २०२१ पासून ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात: रक्तस्रावही होत असेल आणि आधी एक तरी गर्भपात झालेला असेल, तर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा योनीमार्गातून, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. दोन्ही अटी हव्यात. लवकर होणारे बहुतेक गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषाने होतात. तिथे प्रोजेस्टेरॉन कमी दिसते ते गर्भ मागे पडल्याचा परिणाम म्हणून. बाहेरून दिल्याने तो वाचत नाही, फक्त रक्तस्राव लांबतो आणि निदानही लांबते. सोनोग्राफीत ठोके आहेत का, हा प्रश्न रक्तातल्या आकड्यापेक्षा कितीतरी मोलाचा.

दुसरा ठाम उपयोग अकाली प्रसूतीसाठी. चोविसाव्या आठवड्याच्या आत योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची लांबी २५ मिलिमीटर किंवा कमी भरली, तर रोज रात्री २०० मिलिग्रॅम योनीमार्गातून देतात. याच कामासाठी वर्षानुवर्षे टोचलेले हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएटचे इंजेक्शन मात्र उपयोगी ठरत नसल्याने अमेरिकेत २०२३ मध्ये मागे घेतले गेले. नावात प्रोजेस्टेरॉन असले म्हणून काम तेच होईल असे नाही.

रजोनिवृत्तीनंतर

घाम-वाफांसाठी इस्ट्रोजेन घेणाऱ्या बाईला गर्भाशय असेल तर प्रोजेस्टेरॉन लागतेच. १९९५ च्या एका चाचणीत नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्यांपैकी तीन वर्षांत साधारण तिघींत एकीच्या अस्तरात गुंतागुंतीची किंवा विकृत वाढ आढळली. नेहमीची मात्रा रोज रात्री १०० मिलिग्रॅम, किंवा महिन्यातून १२ ते १४ दिवस २०० मिलिग्रॅम. दुसऱ्या पद्धतीत दर महिन्याला थोडा स्राव होतो. औषधाचा हा क्रम चार-पाच दिवसांत उरकायचा नसतो. अस्तराचे रक्षण मात्रेपेक्षा दिवसांच्या संख्येवर जास्त अवलंबून असते. गर्भाशय काढलेले असेल तर बहुतेकींना याची गरज नसते.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने संप्रेरकांची धास्ती पसरवली. तिच्यात वापरले होते मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन नव्हे. दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनांच्या कर्करोगाच्या ३० ऐवजी ३८ केसेस दिसल्या. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनचा धोका कमी असावा असे नंतरच्या निरीक्षणांतून दिसते, पण 'नैसर्गिक म्हणून निर्धोक' असे कोणी म्हणत असेल तर ते फार पुढचे बोलणे झाले. स्तनांचा कर्करोग, कारण न कळलेला योनीमार्गातला रक्तस्राव, गंभीर यकृतविकार किंवा ताजी गुठळी असेल तर ही औषधे सुरू करत नाहीत. क्षयाची रिफाम्पिसिन आणि फिट्सची काही औषधे ती लवकर मोडून टाकतात, हेही डॉक्टरांना सांगायचे.

पुरुषांत

पुरुषांत हे नसते, हा समज चुकीचा. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आणि वृषण ते बनवतात, आणि रक्तातली पातळी प्रति मिलीलिटर १ नॅनोग्रॅमच्या आत असते. म्हणजे पाळीच्या पहिल्या पंधरवड्यातल्या बाईइतकीच. शरीर कोलेस्टेरॉलपासून जी संप्रेरके घडवते त्या वाटेवरचा हा एक थांबा आहे; मीठ-पाणी सांभाळणारे अल्डोस्टेरॉन याच्यातूनच बनते. जन्मजात दोषाने पुढची वाट अडली तर प्रोजेस्टेरॉन आणि त्याचा जवळचा नातलग, १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, साठत जातात. पुरुषाच्या रिपोर्टात आकडा फार वाढलेला आला तर आधी हाच विचार करतात.

शुक्राणूंचा संबंध आणखी रंजक. स्त्रीबीजाभोवतालच्या पेशी प्रोजेस्टेरॉन सोडतात. शुक्राणूच्या शेपटीतली कॅट्स्पर नावाची कॅल्शियमची दारे त्याने उघडतात, शेपूट चाबकासारखी फटकारू लागते आणि शुक्राणू बीजाचे कवच भेदायला सज्ज होतो. २०११ मध्ये दोन गटांनी हे स्वतंत्रपणे दाखवले. म्हणजे पुरुषाच्या पेशीवरचा प्रोजेस्टेरॉनचा सर्वांत नाट्यमय परिणाम स्त्रीच्या शरीरात घडतो.

पुरुषाला हे औषध म्हणून दिले तर मेंदूतली पियूषिका ग्रंथी वृषणाला निरोप पाठवणे कमी करते; टेस्टोस्टेरॉन उतरते, कामेच्छा आणि शुक्राणूंची संख्या घटते. लैंगिक वासना आवरण्यासाठी मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन याच कारणाने वापरले गेले. पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक जेलही याच तत्त्वावर घडवले जात आहे: त्यातले नेस्टोरोन हे याच घराण्यातले औषध निरोप बंद करते आणि सोबतचे टेस्टोस्टेरॉन रक्तातली तूट भरून काढते. रोज खांद्यांवर लावायचे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे परिणामही लगेच दिसत नाही.

कर्करोगाने खंगलेल्या रुग्णाला भूक लागावी म्हणून याच घराण्यातले मेजेस्ट्रॉल देतात, रोज ४०० ते ८०० मिलिग्रॅम. भूक वाढते, वजनही. पण वाढते ती बहुतांश चरबी, स्नायू नव्हेत. गुठळीचा धोका वाढतो आणि पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन पडते. हे औषध स्टेरॉइडसारखेही वागते आणि अधिवृक्क ग्रंथीला झोपवते, म्हणून महिनोन्महिने घेतल्यावर एकदम थांबवले तर रक्तदाब घसरून रुग्ण ढासळू शकतो. उलट्या, कमालीचा थकवा, चक्कर दिसली तर 'आजार वाढला' असे मानण्याआधी गोळी कधी बंद झाली ते पाहावे.

डोक्याला मार लागल्यावर मेंदू वाचवण्यासाठी प्रोजेस्टेरॉनकडून मोठी आशा होती. प्राण्यांतले निकाल झकास होते. २०१४ मध्ये दोन चाचण्यांनी, मिळून दोन हजारांहून जास्त स्त्री-पुरुष रुग्णांवर, फायदा नसल्याचे दाखवले. आणि प्रोस्टेट सांभाळण्यासाठी किंवा तरतरी येण्यासाठी पुरुषांना विकल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉनच्या मलमांमागे तर असा पुरावाच नाही. तरतरी हवी असलेल्या माणसाने टेस्टोस्टेरॉन उतरवू शकणारे औषध चोळत बसण्यात काय हशील?